मातीत वाचलेली राजधानी : यिनश्यू

इ.स.पू. २०७ मध्ये छिन साम्राज्य कोसळत असताना त्या साम्राज्याचा सेनापती झांग हान आणि बंडखोरांचा नेता श्यांग यू यांची तहासाठी भेट झाली. ही भेट कोठे झाली, हे सिमा च्येन या चिनी इतिहासकाराने आवर्जून लिहून ठेवले आहे : हुआन नदीच्या दक्षिणेला, यिनच्या अवशेषांवर. शांग घराण्याची ही शेवटची राजधानी उजाड होऊन तेव्हा आठशेहून अधिक वर्षे लोटली होती, तरीही एवढ्या मोठ्या घडामोडीची जागा सांगताना इतिहासकाराला त्या पडक्या नगराचाच आधार घ्यावासा वाटला. पुढच्या शतकांत मात्र ही खूण लोकांच्या स्मरणातून निघून गेली. राजवाड्यांच्या जागी गहू आणि कापूस पिकू लागला, श्याओतुन नावाचे एक साधे खेडे वसले, आणि नांगराच्या फाळाला लागणारी जुनी हाडे शेतकरी बांधावर टाकून देऊ लागले. आज हेनान प्रांताच्या उत्तर भागातील आन्यांग शहराला लागून असलेल्या या परिसराला यिनश्यू, म्हणजे यिनचे अवशेष, याच जुन्या नावाने जग ओळखते आणि २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे.

मी ठाण्यात राहतो आणि माझा व्यवसाय माती परीक्षणाचा आहे. इमारत, पूल किंवा मेट्रोचा खांब उभारण्यापूर्वी जमिनीत बोअर घेऊन, खाली काय आहे याचा लॉग तयार करण्याचे हे काम आहे. घोडबंदर रस्त्यापासून ऐरोली, घणसोली, उलवेपर्यंत आम्ही बोअर घेत असतो. वर भराव, त्याखाली खाडीची काळी चिकणमाती, मग पिवळा मुरूम आणि शेवटी काळा पाषाण, हा आमच्याकडचा नेहमीचा क्रम. रिगवरचे अनुभवी कामगार नळीतून निघालेला नमुना बोटांनी चुरून पाहतात आणि प्रयोगशाळेच्या आधीच सांगतात, ‘साहेब, भराव संपला, आता मूळची माती लागली.’ यिनश्यूबद्दल मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि त्यामागे मुख्यतः हेच कारण आहे. दगडाचे मंदिर, लेणे किंवा किल्ला पडला तरी तो दिसतो. यिनश्यू येथे पाहण्यासारखा दगडी तट नाही, कमान नाही, उभी भिंत नाही. ती राजधानी मातीची आणि लाकडाची होती, त्यामुळे तिचे जे काही उरले ते मातीच्या रंगात, घट्टपणात आणि थरांच्या क्रमात उरले. ते ओळखण्याची कला ज्यांनी कमावली, त्यांच्यामुळेच ही राजधानी आज आपल्याला माहीत आहे.

ही ओळख पटण्याची सुरुवात मात्र मातीपासून झाली नाही, ती हाडांवरच्या अक्षरांपासून झाली. औषधाच्या दुकानांत ‘ड्रॅगनची हाडे’ या नावाने जुनी हाडे विकली जात आणि त्यांची पूड करून रुग्णाला दिली जाई. १८९९ मध्ये पेकिंगमधील वांग यिरोंग या विद्वान अधिकाऱ्याने अशा काही हाडांवर कोरलेली प्राचीन अक्षरे पाहिली आणि त्यांचे महत्त्व ओळखले. स्वतःच्या आजारपणात काढ्याच्या पुड्यात त्याला ती दिसली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते, पण तिला भक्कम आधार नाही. हाडांची खरेदी मात्र त्याने केली, हे नक्की. पुढच्याच वर्षी आठ राष्ट्रांच्या फौजा पेकिंगमध्ये शिरल्या तेव्हा त्याने आत्महत्या केली. त्याच्या संग्रहातील पुष्कळशी हाडे त्याच्या ओळखीच्या ल्यू अ या गृहस्थाकडे गेली आणि त्याने १९०३ मध्ये हजाराहून अधिक तुकड्यांचे ठसे प्रसिद्ध केले. एव्हाना व्यापारी हाडांचा खरा पत्ता लपवू लागले होते, कारण पत्ता उघड झाला असता तर त्यांचा धंदा बसला असता. लुओ झेन्यू या अभ्यासकाने १९०८ च्या सुमारास तो शोधून काढला आणि श्याओतुनचे नाव प्रथम विद्वानांच्या कानी पडले.

ती हाडे म्हणजे शांग राजांच्या शकुनविद्येची दप्तरे होती. कासवाच्या पोटाकडचे कवच किंवा बैलाच्या खांद्याचे हाड घासून सपाट करायचे, मागच्या बाजूने ओळीने खळगे कोरायचे आणि त्या खळग्यांना तापवायचे. उष्णतेने पुढच्या बाजूला बारीक भेगा पडत, आणि त्या भेगांवरून पितरांचा किंवा देवतेचा कौल सांगितला जाई. कोणत्या दिवशी, कोणी, काय विचारले, राजाने काय भाकीत केले आणि प्रत्यक्षात काय घडले, हे पुष्कळदा त्याच हाडावर कोरले जाई. पाऊस पडेल का, पीक येईल का, अमुक शत्रूवर स्वारी करावी का, राजाचा दात कोणत्या पूर्वजाच्या रोषाने दुखत आहे, असे सर्व प्रश्न त्यांत आहेत. आजवर सुमारे दीड लाख तुकडे मिळाले आहेत. त्यांवर साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी चिन्हे आहेत आणि त्यांपैकी साधारण एक तृतीयांश चिन्हांचा अर्थ खात्रीने लागला आहे.

१९१७ मध्ये वांग ग्वोवेई या विद्वानाने या लेखांतून शांग राजांची वंशावळ जुळवली आणि ती सिमा च्येनने हजार वर्षांनंतर लिहिलेल्या यादीशी ताडून पाहिली. किरकोळ दुरुस्त्या सोडल्यास दोन्ही याद्या जुळल्या. चीनचा प्राचीन इतिहास निव्वळ कल्पित आहे, असे म्हणणारा एक प्रबळ विचारप्रवाह त्याच सुमारास तेथे उभा राहत होता, हे लक्षात घेतले म्हणजे या जुळणीचे मोल कळते. असे असले तरी तोवर मिळालेले हजारो तुकडे गावकऱ्यांनी खणून विकलेले होते. प्रत्येक तुकड्यावर मजकूर होता, परंतु तो कोणत्या खड्ड्यातून, किती खोलीवरून, कशाच्या सोबत निघाला, हे कोणीच लिहून ठेवलेले नव्हते. माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर नमुना हाती होता आणि लॉग नव्हता. अशा नमुन्यावर पाया आखता येत नाही.

हा लॉग लिहायला १९२८ मध्ये सुरुवात झाली. नव्याने स्थापन झालेल्या अकॅडेमिया सिनिका या संस्थेने दोंग झुओबिन यांना पाहणीसाठी पाठवले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये उत्खनन सुरू झाले. लवकरच हार्वर्डमध्ये मानवशास्त्र शिकून आलेले ली जी यांच्याकडे त्याची धुरा आली. १९३७ पर्यंत पंधरा हंगाम काम चालले, तेही यादवी, दरोडेखोर आणि चोरटी खोदकामे यांना तोंड देत. चिनी संशोधकांनी चिनी भूमीवर स्वतःच्या हिमतीवर केलेले हे पहिले मोठे वैज्ञानिक उत्खनन होते, आणि पुढच्या दोन पिढ्यांचे पुरातत्त्वज्ञ याच खड्ड्यांत तयार झाले.

सुरुवातीच्या हंगामांतील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. खोदताना एकावर एक रचलेले मातीचे पातळ, घट्ट थर लागले आणि प्रत्येक थराच्या पृष्ठभागावर लहान गोलसर खळग्यांच्या रांगा दिसल्या. हे पुराच्या पाण्याने सोडलेले ठसे असावेत आणि शांगांची राजधानी महापुरात बुडाली असावी, असा तर्क तेव्हा मांडला गेला. त्यानंतर १९३०-३१ मध्ये शांतुंग प्रांतातील चंग-झ-याय येथे एका प्राचीन तटबंदीचे उत्खनन झाले, तेथे तसेच थर आणि तसेच खळगे भिंतीत आढळले, आणि मग उलगडा झाला. ते खळगे धुम्मसाचे होते. फळ्यांच्या मधे किंवा खणलेल्या चरात आठ-दहा सेंटीमीटर माती पसरायची, ती धुम्मसाने चोपायची, तिच्यावर पुढचा थर टाकायचा, पुन्हा चोपायचा, अशा पद्धतीने शांगांनी आपल्या राजवाड्यांचे जोते घातले होते. उत्तर चीनची पिवळी माती वाऱ्याने वाहून आलेली, अतिशय बारीक कणांची आहे. कोरडी असताना ती उभी कापली तरी ढासळत नाही, पण भिजली की बसते. ती बसू नये म्हणून थराथराने तिच्यातली हवा काढून टाकणे, हाच उपाय तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी योजला होता. आज रस्त्याचा भराव घालताना आम्ही रोलर फिरवतो आणि प्रॉक्टर चाचणीने घट्टपणा मोजतो, त्यामागचे तत्त्व याहून वेगळे नाही. महापुराची कथा अशा तऱ्हेने मागे पडली आणि तिच्या जागी राजवाडा उभा राहिला. १९३७ पर्यंत श्याओतुनजवळ अशी ५३ जोती उकलली गेली. त्यांवर लाकडी खांब, त्यांच्या तळाशी दगडी आणि क्वचित ब्राँझच्या बैठका, आणि वर गवताने शाकारलेली छपरे होती.

१९३१ मध्ये जवळच्याच होउगांग येथे लियांग सियोंग यांनी केलेले कामही याच जातीचे होते. तेथे एकाच टेकाडात तीन थर स्पष्टपणे एकावर एक मिळाले : सर्वांत खाली रंगीत मडक्यांची यांगशाओ संस्कृती, मधे काळ्या मडक्यांची लोंगशान संस्कृती आणि सर्वांत वर शांग. या संस्कृतींपैकी आधीची कोणती आणि नंतरची कोणती, यावरची चर्चा त्या एका छेदाने मिटवली. लियांग यांची प्रकृती पुढे क्षयाने खालावली आणि पन्नाशी गाठण्याआधीच ते गेले, पण उत्तर चीनच्या प्रागितिहासाचा कणा म्हणून तो तीन थरांचा आराखडा कायम राहिला.

१९३६ च्या जूनमध्ये त्या हंगामाचे काम संपवायचे ठरले होते. ठरलेल्या शेवटच्या दिवशी, १२ जूनला, एका खड्ड्यात कासवाच्या कवचांचा असा गच्च साठा लागला की तो तेथल्या तेथे सुटा करणे अशक्य झाले. संशोधकांनी तुकडे उपसून काढले नाहीत. त्यांनी भोवतालची माती कापून अख्खा ठोकळा लाकडी पेटीत बसवला आणि सुमारे तीन टनांचे ते ओझे रेल्वेने नानकिंगला नेऊन प्रयोगशाळेत सावकाश उकलले. त्यातून १७,०९६ तुकडे निघाले आणि तीनशेहून अधिक कवचे संपूर्ण होती. बाजारात आलेल्या हाडांना न लाभलेली गोष्ट या साठ्याला लाभली, ती म्हणजे त्याची जागा. कोणते कवच कोणाच्या शेजारी होते, कोणते प्रश्न एकाच वेळी विचारले गेले, कोणते शकुन सांगणारे एकाच काळात काम करत होते, हे सारे त्यामुळे अभ्यासता आले. एवढे मोठे दप्तर हाती येऊनही त्या संशोधकांनी ते उपसण्याची घाई केली नाही, या संयमापुढे मी मनापासून नतमस्तक होतो.

पुढच्याच वर्षी जपानी आक्रमणामुळे काम थांबले. पेट्या नैर्ऋत्य चीनमध्ये गावोगाव फिरल्या आणि युद्धानंतर त्यांतील मोठा भाग तैवानला गेला. त्यामुळे एकाच राजधानीचे अवशेष आज ताय्पेई, बीजिंग आणि आन्यांग येथे विभागलेले आहेत. जपानी ताब्याच्या काळातच, १९३९ मध्ये, वूग्वान गावच्या लोकांना जमिनीत एक प्रचंड चौकोनी ब्राँझपात्र सापडले. विकण्यासाठी त्याचे तुकडे करण्याचा प्रयत्न फसल्यावर आणि जपान्यांच्या हाती ते पडू नये म्हणून त्यांनी ते पुन्हा पुरले आणि १९४६ मध्ये बाहेर काढले. त्याचे वजन ८३२.८४ किलो आहे. प्राचीन चीनमधून मिळालेले हे सर्वांत जड ब्राँझपात्र आता बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मातीच्या साच्याचे भाग एकमेकांत बसवून, त्यांत रस ओतून शांग कारागीर अशी पात्रे घडवत. आपल्या दायमाबादचा बैलांचा रथ मेण वितळवून तयार केलेल्या साच्यात ओतलेला आहे, त्यामुळे ही दोन ओतकामे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

आता ज्या शोधाबद्दल मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, त्याकडे येतो. चिनी पुरातत्त्वज्ञांच्या हातात एक साधे अवजार असते, त्याला लोयांगचे फावडे म्हणतात. लांब दांड्याच्या टोकाला अर्धगोल नळीसारखे पाते असते. ते सरळ जमिनीत मारायचे, वर ओढायचे आणि पात्यात अडकलेला मातीचा नमुना पाहायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोयांग भागातील थडगी लुटणाऱ्यांनी ते तयार केले, आणि पुढे पुरातत्त्वज्ञांनी त्यांच्याच हातचे हे अवजार घेऊन शास्त्राच्या कामी लावले. माती नैसर्गिक आहे की उकरून पुन्हा भरलेली, चोपलेली आहे की सैल, तिच्यात राख, कोळसा, खापर किंवा लाखेचा कण आहे का, हे हातभर नमुन्यावरून सांगणारे जाणकार तेथे आहेत. आमची रिग यंत्राने चालते आणि पुष्कळ खोल जाते, पण विद्या तीच आहे.

१९७५ च्या हिवाळ्यात श्याओतुनच्या वायव्येचे एक उंचवट्याचे शेत सपाट करण्याचा बेत गावाने केला होता. त्याआधी तेथे काही आहे का, हे पाहण्याची जबाबदारी झंग झेनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या पथकावर आली. वर एका इमारतीचे जोते मिळाले. त्याच्याखालीही चोपलेली माती होती आणि ती संपता संपत नव्हती. १९७६ मध्ये फावडे आणखी खोल नेल्यावर पात्यात तांबड्या लाखेचे पापुद्रे आले, आणि थडगे असल्याचे नक्की झाले. त्याचा तळ भूजलपातळीच्या खाली होता, त्यामुळे पाणी उपसत, चिखलात हात घालून वस्तू काढाव्या लागल्या. साडेपाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि साडेसात मीटर खोल अशा त्या खड्ड्यातून ४६८ ब्राँझच्या आणि ७५५ जेडच्या वस्तू, शेकडो हाडी पिना आणि सहा हजारांहून अधिक कवड्या मिळाल्या. ब्राँझचेच वजन दीड टनाच्या वर भरले. राजांची मोठी थडगी नदीपलीकडे शीपेइगांग येथे आहेत आणि ती प्राचीन काळीच लुटली गेली होती. हे तुलनेने लहान थडगे राजवाड्याच्या आवारात, एका वास्तूच्या जोत्याखाली असल्यामुळे वाचले.

शंभराहून अधिक पात्रांवर एकच नाव कोरलेले होते : फू हाओ. ही राणी अभ्यासकांना आधीपासून ठाऊक होती, पण ती केवळ हाडांवरच्या लेखांतून. ती वू डिंग या राजाची पत्नी होती आणि इ.स.पू. १२०० च्या सुमारास वारली. एका लेखात तिच्या हाताखाली तीन हजार आणि आणखी दहा हजार माणसे देऊन स्वारी करण्याबद्दल विचारणा आहे. दुसऱ्या एका प्रसिद्ध कवचावर तिच्या बाळंतपणाचा कौल आहे. अमुक दिवशी प्रसूती झाली तर शुभ, तमुक दिवशी झाली तर अतिशुभ, असे राजाने भाकीत केले, आणि शेवटी नोंद आहे की एकतिसाव्या दिवशी, भलत्याच तिथीला, ती बाळंत झाली, शुभ झाले नाही, मुलगी झाली. ही नोंद वाचताना मला दरवेळी वाईट वाटते. जिने सैन्य चालवले, जिच्या थडग्यात दोन वाघांमध्ये माणसाचे मस्तक कोरलेली नऊ किलोची ब्राँझची कुऱ्हाड अधिकारचिन्ह म्हणून ठेवली गेली, तिच्या पोटी मुलगी आली म्हणून राजदरबारी ते अशुभ लिहिले गेले. आणि तरीही, हाडावरचा मजकूर, पात्रावरचे नाव आणि थडग्याची जागा या तिन्ही गोष्टी एकमेकींना साक्ष देतात असे हे शांग राजघराण्यातले एकमेव माणूस आहे. तिची पात्रे लुटारूंच्या हाती लागून बाजारात विखुरली असती, तर सुंदर वस्तू म्हणून ती जगभरच्या काचपेट्यांत असती, पण राणी आपल्याला भेटली नसती.

थडग्यात तिच्यासोबत सोळा माणसे आणि सहा कुत्रे पुरलेले होते. यिनश्यूचे वैभव सांगताना ही बाजू गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. राजांच्या स्मशानभूमीत बळींचे अडीच हजारांच्या आसपास खड्डे आढळले आहेत. त्यांतील पुष्कळ सांगाड्यांना शिर नाही, काही खड्ड्यांत नुसती शिरे आहेत. पश्चिमेकडच्या छ्यांग लोकांना पकडून आणून पितरांना बळी देण्याबद्दलची विचारणा हाडांवरच्या लेखांत वारंवार येते. बळींच्या हाडांतील समस्थानिकांच्या अलीकडच्या अभ्यासावरून असे दिसते की हे लोक बाहेरून आलेले होते, आणि मारले जाण्यापूर्वी त्यांतले काही जण आन्यांगमध्ये काही वर्षे, बहुधा श्रमिक म्हणून, राहिले होते. चोपलेल्या मातीच्या जोत्याकडे अभियंता म्हणून पाहताना मी धुम्मसाच्या त्या खळग्यांत कोणाचे हात होते, हाही प्रश्न स्वतःला विचारतो.

नगराची रचना थोडक्यात सांगतो. एकूण विस्तार तीस चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. राजवाड्याच्या परिसराला उत्तरेकडून आणि पूर्वेकडून हुआन नदीचे वळण आणि उरलेल्या दोन बाजूंना खणलेला रुंद खंदक असे संरक्षण होते, मात्र सगळ्या नगराला वेढणारा तट सापडलेला नाही. ब्राँझच्या ओतशाळा, हाडकामाचे कारखाने, रथ आणि घोडे एकत्र पुरलेले खड्डे, कुळाकुळांच्या वस्त्या आणि त्यांची स्मशाने असा हा विखुरलेला पसारा आहे. भाजक्या मातीचे सांडपाण्याचे नळ तेथे मिळाले आहेत, आणि त्यांतला एक तुकडा चक्क तीन तोंडांचा जोड आहे, आजच्या प्लंबरने ‘टी’ म्हणून ओळखावा असा. १९९९ मध्ये नदीच्या उत्तरेला आणखी एक नगर उजेडात आले. साधारण ४.७ चौरस किलोमीटरांचे, तटबंदी असलेले आणि सध्याच्या जमिनीखाली सुमारे अडीच मीटरांवर दडलेले हे हुआनबेइ नगर यिनश्यूच्या थोडे आधीचे आहे. सत्तर वर्षे जगातले नामांकित पुरातत्त्वज्ञ त्याच्या शेजारी काम करत होते, तरी वरून त्याची एकही खूण दिसत नव्हती. ते पद्धतशीर बोअर घेत गेल्यावरच सापडले.

याच काळात आपल्याकडे काय होते, हा प्रश्न साहजिक आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली केलेले उत्खनन मराठी वाचकांना परिचित असेल. वू डिंगच्या दरबारात कासवाची कवचे तापवली जात होती, तेव्हा इनामगावात जोर्वे संस्कृतीचे शेतकरी कुडाच्या भिंतींच्या घरांत राहत होते, नदीचे पाणी पाटाने वळवत होते आणि लहान मुलांना रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत होते. तेथेही दगडी वास्तू नाही. जमिनीची सारवण, खांबाच्या खळग्यांतली वेगळ्या रंगाची माती, चुलीची राख, एवढ्यावरून ते गाव उकलले गेले. पाच खोल्यांचे एक घर गावच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खननकर्त्यांनी मानले. त्या माणसाचे नाव मात्र आपल्याला कधीच कळणार नाही, कारण त्याच्याकडे लिपी नव्हती. खेडे आणि राजधानी यांची तुलना करून कोणाला मोठे ठरवण्यात मला रस नाही. दोन्हीकडे वाचनाची रीत एकच होती आणि दोन्हीकडे ती रीत पाळणारी माणसे होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

माझ्या शहराचा विचार मात्र मला अस्वस्थ करतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी पुरी ही होती, असे त्यांचे लेख सांगतात. ती पुरी म्हणजे घारापुरी, जंजिऱ्याजवळची राजापुरी की आणखी कोणते ठिकाण, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. यिन आणि पुरी या दोन्ही राजधान्यांची नावे लेखांत आहेत, फरक एवढाच की एकीची माती कोणीतरी वाचली. ठाणे, म्हणजे त्या लेखांतले श्रीस्थानक, हेही शिलाहारांचे महत्त्वाचे नगर होते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, जेथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा, ताम्रपट मिळाला. एशियाटिक सोसायटीच्या संशोधनपत्रिकेच्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर छापून आले आणि मजकूर अभ्यासकांपर्यंत पोहोचला. पायाच्या त्या चरात ताम्रपटाच्या वर-खाली कोणते थर होते, शेजारी जोते होते की विहीर, याची तशी नोंद झाली नाही, आणि त्या काळी ती अपेक्षितही नव्हती.

आज ती अपेक्षा ठेवता येईल, असे मला वाटते. यिनश्यूच्या परिसरातही कारखाने आणि वसाहती वाढत आहेत. श्याओमिनतुन येथील मोठी ओतशाळा पोलाद कारखान्याच्या विस्ताराआधी केलेल्या उत्खननातच पूर्णपणे समोर आली. चीनमध्ये मोठ्या बांधकामाआधी पुरातत्त्वीय तपासणी करण्याचे कायद्याचे बंधन आहे. ठाण्याच्या जुन्या वस्तीत, कोपिनेश्वराच्या आसपास, खाडीकाठच्या गल्ल्यांत, वाडे आणि चाळी पाडून पुनर्विकास चालू आहे. प्रत्येक इमारतीसाठी बोअर घेतले जातातच, दोन-तीन मजली तळघरांसाठी खड्डे खणले जातातच. वरच्या चार-पाच मीटरांत, जेथे माणसांच्या वस्तीचे थर असण्याची शक्यता सर्वांत अधिक, तेथे आमच्या लॉगमध्ये सरसकट एकच शब्द लिहिला जातो : भराव. इमारतीचा भार तो थर सोसत नाही, म्हणून अभियंत्याला त्यात रस नसतो.

या एका शब्दाच्या जागी चार ओळी लिहाव्यात, एवढीच माझी सूचना आहे, आणि तिला जवळपास काहीही खर्च येत नाही. मी स्वतःच्या कामात लॉगच्या तक्त्यात एक रकाना वाढवला आहे. भरावात खापर, वीट, कौल, कोळसा, राख, शिंपले किंवा हाड दिसले तर ते किती खोलीवर दिसले हे त्यात लिहायचे, मातीचा रंग नोंदवायचा आणि कोअर बॉक्समधल्या, म्हणजे बोअरमधून निघालेले नमुने ठेवायच्या पेटीतल्या, त्या भागाचे छायाचित्र काढायचे. रिगवरच्या मुलांना सुरुवातीला हे विचित्र वाटले, आता ती आपणहून हाक मारतात. बहुतेक वेळा निघतात ते सिमेंटचे तुकडे आणि प्लास्टिक. जुन्या बाजारपेठेच्या बाजूला मात्र भरावाखाली कौलांचे आणि खापरांचे तुकडे असलेला, राखेने करडा झालेला एक पातळ थर लागला आहे, आणि पुढेमागे शेजारच्या भूखंडावर काम निघाले तर तो तेथवर जातो का, हे मला पाहायचे आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत माती परीक्षणाचे काम करणाऱ्या कोणाला हा तक्ता हवा असेल, तर मी तो आनंदाने देईन. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनीही आपल्या भूखंडाचा माती परीक्षण अहवाल बिल्डरच्या कपाटात न ठेवता त्याची एक प्रत मागून घ्यावी, कारण पायाचे काम सुरू झाल्यावर तो थर पुन्हा पाहायला मिळत नाही.